भूल देण्यापूर्वी : यंत्राचा अंदाज आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका भूलतज्ज्ञाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात विज्ञानाच्या एखाद्या नव्या विषयावर बोलावे, अशी चिटणीस साहेबांची सूचना होती. कृत्रिम बुद्धिमत्ता हा शब्द सध्या आपण दररोज ऐकतो. परंतु तो शब्द हवेत ठेवून बोलण्यापेक्षा माझ्या रोजच्या कामातील एक प्रश्न घ्यावा आणि तेथे हे नवे यंत्र काय करू शकते व काय करू शकत नाही, हे आपल्यापुढे मांडावे, असे मी ठरविले. प्रश्न लहान दिसतो. पण त्यात माणसाचा जीव असतो. तो असा : शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला भूल दिल्यावर त्याच्या श्वासनलिकेत नळी घालणे सोपे जाईल की कठीण, हे आधी कसे ओळखावे?

घरात कोणाचे ऑपरेशन ठरले की आपण विचारतो, ऑपरेशन कोण करणार? त्यांचा हात कसा आहे? खर्च किती येईल? भूल कोण देणार, हे फारच थोडे लोक विचारतात. भूल म्हणजे एक सुई टोचली की माणूस झोपतो आणि काम झाले की उठतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही.

नळी कशासाठी?

मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पूर्ण भूल देताना अनेकदा स्नायू शिथिल करणारे औषध द्यावे लागते. त्या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात. त्या क्षणापासून रोग्याचा श्वास हा त्याचा राहत नाही. तो भूलतज्ज्ञाच्या हाती येतो. तोंडातून, जिभेच्या मागून, स्वरयंत्राच्या दोन पडद्यांमधून एक नळी श्वासनलिकेत सरकवायची आणि तिच्या वाटे प्राणवायू द्यायचा, ही नेहमीची पद्धत आहे. बहुतेक रोग्यांत हे काम अर्ध्या मिनिटात होते.

परंतु काही रोग्यांत स्वरयंत्र दिसतच नाही. जबडा लहान असतो, मान मागे वळत नाही, तोंड पुरते उघडत नाही, किंवा वरून सारे ठीक दिसूनही आतली रचना आड येते. आता घड्याळाकडे पाहा. निरोगी प्रौढ माणसाला साध्या हवेवर असताना श्वास थांबविणारे औषध दिले, तर मिनिटभरातच रक्तातील प्राणवायू घसरू लागतो. म्हणून आम्ही आधी काही मिनिटे मास्कने शुद्ध प्राणवायू देतो. त्यामुळे हा अवधी सुमारे ८ मिनिटांपर्यंत वाढतो. स्थूल माणूस, गरोदर स्त्री, लहान मूल यांच्या बाबतीत तो पुष्कळच कमी असतो. मेंदूला चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा होते. कठीण रोगी आधी ओळखता आला, तर तयारी करता येते. अनुभवी सहकारी बोलावता येतो, कॅमेऱ्याचे साधन हाताशी ठेवता येते, किंवा रोगी जागा असतानाच घसा बधिर करून बारीक लवचीक दुर्बिणीवरून नळी घालता येते. म्हणजे आधी ओळखता येणे, हेच अर्धे काम आहे.

थोडा इतिहास

श्वासाची वाट मोकळी ठेवण्याची चिंता वैद्यांना फार जुनी आहे. इब्न सिना यांनी आपल्या वैद्यकाच्या महाग्रंथात, गरज पडल्यास सोन्याची, चांदीची किंवा तशाच योग्य पदार्थाची नळी घशात घालून श्वासाला मदत करावी, असे लिहून ठेवले आहे. कॉर्डोव्हाचे शल्यवैद्य अल-झहरावी यांनी गळा कापून घेतलेल्या एका दासीची जखम शिवल्याचे व ती बरी झाल्याचे नमूद केले आहे. आधुनिक काळात ग्लासगोचे सर्जन विल्यम मॅक्युएन यांनी १८७८ मध्ये भुलीसाठी तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली. १९४३ मध्ये रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी जीभ उचलून स्वरयंत्र पाहण्याचे वक्र पात्याचे साधन तयार केले. तो आकार आजही जगभर वापरात आहे.

मात्र कोणत्या रोग्यात हे साधन हात टेकणार, याचा अंदाज बांधण्याची शिस्त बरीच उशिरा आली. तिच्यात मूळच्या आंध्रच्या एका डॉक्टरांचा मोठा वाटा आहे, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. डॉ. शेषगिरी राव मल्लमपती हे अमेरिकेत बोस्टन येथे काम करीत होते. १९८५ मध्ये २१० रोग्यांच्या पाहणीवरून त्यांनी दाखविले की, रोग्याला समोर बसवून तोंड पूर्ण उघडावयास व जीभ बाहेर काढावयास सांगितले, तर पडजीभ आणि टाळूचा मागचा भाग किती दिसतो, यावरून पुढच्या अडचणीचा अंदाज येतो. पडजीभ स्पष्ट दिसली तर बहुधा काम सोपे. जिभेने सारे झाकले तर सावध राहावे. त्यांनी तीन वर्ग केले होते. १९८७ मध्ये सॅमसून व यंग यांनी चौथा जोडला. आज जगातील प्रत्येक भूलतज्ज्ञ मल्लमपती हे नाव घेतो.

याखेरीज आम्ही तोंडात तीन बोटे उभी मावतात का ते पाहतो. हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचे अंतर मोजतो; ते साडेसहा सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर काळजी घेतो. मान मागे किती वळते, दात पुढे आहेत का, हलतात का, हे बघतो. तेहरानचे झाहिद हुसेन खान आणि त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये आणखी एक सोपी चाचणी सुचविली : खालच्या दातांनी वरचा ओठ चावून दाखवा. ज्याला ते जमत नाही, त्याचा जबडा पुरेसा पुढे सरकत नाही. या चाचणीला ना यंत्र लागते, ना पैसा.

आमचे अंदाज किती खरे ठरतात?

येथे आपल्यापुढे स्पष्ट बोलणे मला भाग आहे. हे अंदाज फार वेळा चुकतात. डेन्मार्क देशात भुलीच्या नोंदी राष्ट्रीय पातळीवर ठेवल्या जातात. तेथील १,८८,०६४ रोग्यांची पाहणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३,३९१ जणांत नळी घालणे कठीण गेले, आणि या ३,३९१ पैकी ३,१५४ जणांत, म्हणजे शंभरातील त्र्याण्णव जणांत, ते आधी कोणाच्याही ध्यानात आले नव्हते. उलट ज्या ९२९ जणांबद्दल कठीण जाईल असे म्हटले होते, त्यांपैकी फक्त २२९ जणांत ते खरोखरीच कठीण गेले.

२०१८ मध्ये जगातील १३३ अभ्यास एकत्र करून, आठ लाखांहून अधिक रोग्यांच्या आधारे या सर्व चाचण्या पुन्हा तोलून पाहण्यात आल्या. ओठ चावण्याची साधी चाचणी सर्वांत बरी ठरली. तरी स्वरयंत्र दिसण्यास कठीण अशा शंभर रोग्यांपैकी तीही सदुसष्टच पकडते. बाकीच्या चाचण्या त्याहून कमी.

यात डॉक्टरांचा आळस आहे असे नव्हे. माणसाच्या घशाची रचना एका मापात मावत नाही. एकट्या मानेने, एकट्या जबड्याने निकाल लागत नाही; दहा गोष्टी एकत्र येऊन अडचण होते, आणि त्या दहांचा मेळ मनातल्या मनात बसविणे कठीण आहे. नेमके येथेच संगणकाचे काम सुरू होते.

यंत्र शिकते म्हणजे काय करते?

विद्यार्थी मित्रांनो, संगणक ज्या क्रमबद्ध रीतीने हिशेब करतो, तिला अल्गोरिदम म्हणतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला आहे. पूर्वी ही रीत माणूस लिहून देई व यंत्र ती पाळी. आता त्यात एक फरक पडला आहे. यंत्रापुढे हजारो उदाहरणे ठेवायची, प्रत्येकाचे उत्तर सांगायचे, आणि उदाहरण व उत्तर यांतील संबंध त्यानेच शोधायचा. लहान मूल आंबा आणि पेरू यांतला फरक व्याख्या पाठ करून शिकत नाही, पाहून पाहून शिकते. तसेच काहीसे हे आहे.

आपल्या प्रश्नात उदाहरण म्हणजे रोग्याचा चेहरा आणि मान यांची छायाचित्रे : समोरून, बाजूने, तोंड मिटून, तोंड उघडून, मान वळवून. उत्तर म्हणजे पुढे भूल दिल्यावर नळी सोपी गेली की कठीण गेली याची नोंद. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधकांनी २०१६ मध्ये ९७० रोग्यांच्या चेहऱ्यांवरून असे यंत्र शिकविल्याचे प्रसिद्ध केले. जपानमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०२ रोग्यांची प्रत्येकी १६ प्रकारची छायाचित्रे घेतली होती. त्यात सर्वांत चांगल्या छायाचित्रावरून यंत्राने कठीण रोग्यांपैकी शंभरात सुमारे ब्याऐंशी ओळखले, आणि सोप्या रोग्यांपैकी शंभरात सुमारे त्र्याऐंशी जणांना बरोबर सोपे म्हटले. गंमत अशी की, ते छायाचित्र तोंड उघडून जीभ दाखविणारे नव्हते. रोगी उताणा झोपलेला, तोंड मिटलेले, आणि बाजूने घेतलेले होते. आम्ही चाळीस वर्षे तोंडात डोकावत होतो, आणि यंत्राला त्या छोट्या गटात तरी मिटल्या तोंडाच्या बाजूच्या रेषेत अधिक सापडले.

इतर वाटाही चालू आहेत. कोणी मानेची सोनोग्राफी वापरतो, कोणी एक्स-रे व सीटी स्कॅन, कोणी वय, वजन व तपासणीतील मापे यांचा मेळ घालतो. ही सारी कामे आशादायक आहेत. पण त्यांतील बरीचशी एखाद्या रुग्णालयातील थोड्या रोग्यांवर झालेली आहेत, हेही सांगितले पाहिजे.

एक साधा हिशेब

आता मी विद्यार्थ्यांना एक गणित घालतो. पालकांनीही ते मनाशी करावे. समजा, १,००० रोगी आहेत आणि त्यांत २० जण खरोखरीच कठीण आहेत. यंत्र असे आहे की, कठीण शंभरांपैकी ८० ओळखते आणि सोप्या शंभरांपैकी ८० जणांना बरोबर सोपे म्हणते. ऐकायला यंत्र उत्तम वाटते. आता मोजा. कठीण २० पैकी १६ पकडले, ४ सुटले. सोपे ९८०; त्यांपैकी ७८४ जणांना सोपे म्हटले आणि १९६ जणांना उगाच कठीण ठरविले. म्हणजे यंत्राने एकूण २१२ जणांवर लाल खूण केली, त्यांत खरे कठीण १६. सुमारे तेरांत एक. हिरवी खूण ७८८ जणांवर झाली, त्यांत ४ कठीण लपलेले. सुमारे दोनशेत एक.

यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली, यंत्र निरुपयोगी नाही. आधी पन्नासांत एक एवढेच ठाऊक होते. लाल खुणेनंतर तेरांत एक झाले, हिरवीनंतर दोनशेत एक. ही किमती माहिती आहे. दुसरी, लाल खूण म्हणजे शिक्षा नव्हे आणि हिरवी खूण म्हणजे हमी नव्हे. त्या चारांपैकी एखादा आपल्या घरचा असू शकतो.

आणखी एक सापळा पाहा. कोणी यंत्र बनविले आणि ते डोळे मिटून प्रत्येकाला सोपे, सोपे एवढेच म्हणत राहिले, तरी वरील हजारांत ते ९८० वेळा बरोबर ठरेल. विक्रेता म्हणेल, आमचे यंत्र शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा अचूक! आणि कामाच्या एकाही रोग्याला त्याने ओळखलेले नसेल. म्हणून आकडा ऐकला की विचारावे : कशापैकी किती? ही सवय वैद्यकातच नव्हे, सगळीकडे उपयोगी पडते.

यंत्राने कोणाचे चेहरे पाहिले?

यंत्र जे पाहते तेच शिकते. मी सांगितलेली संशोधने स्वित्झर्लंड आणि जपानमधली आहेत. तेथील जबडा, तेथील दात, तेथील वजन आणि आपल्या कोकणातील, मराठवाड्यातील, खानदेशातील माणसाचे सारखेच असतील, असे गृहीत धरता येत नाही. हा केवळ संशय नाही. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे साधन आता सर्वांच्या परिचयाचे आहे. कोविडच्या साथीत ते घरोघर आले. २०२० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, प्राणवायू खरोखर कमी असूनही साधन ठीक दाखवते असा प्रकार काळ्या वर्णाच्या रोग्यांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट घडत होता. इतकी वर्षे वापरातले साधन; पण कोणाच्या त्वचेवर ते पारखून घेतले, हा प्रश्न पुरेसा कोणी विचारला नव्हता.

मग आपल्या समाजाचे काय? दाढी असलेल्या माणसाची हनुवटी केसांखाली किती लहान आहे, हे छायाचित्रात दिसत नाही. दाढीमुळे चेहऱ्यावर मास्कही नीट बसत नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पॅरिसमधील एका अभ्यासात मास्कने श्वास देणे कठीण जाण्याची जी पाच लक्षणे निघाली, त्यांत दाढी हे एक होते. बाकीची चार म्हणजे पंचावन्नच्या पुढचे वय, जास्त वजन, तोंडात दात नसणे आणि घोरणे. दाढी काढलीच पाहिजे असा याचा अर्थ नाही. डॉक्टरांना आधी कळले, तर ते त्यावर उपाय योजतात. तसेच, पडदा करणाऱ्या भगिनींची छायाचित्रे संशोधनात आलीच नाहीत, तर यंत्र त्यांच्याबाबत अडाणीच राहील. म्हणजे एकीकडे आपल्या लोकांचे चेहरे यंत्राच्या शिक्षणात असावेत, ही आपल्या हिताची गोष्ट. आणि दुसरीकडे चेहरा ही माणसाची सर्वांत खाजगी ओळख, ती कोणाच्याही हाती जाऊ नये, हीही रास्त चिंता. दोन्ही खरे आहे. म्हणूनच छायाचित्र मागितले तर विचारा : हे कशासाठी? नाव काढून ठेवणार का? कोण पाहणार? नाही म्हटले तर उपचारांत फरक पडेल का? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२३ मध्ये वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षी संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. तेव्हा हे प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नाही, तो आपला अधिकार आहे.

यंत्रापलीकडची गोष्ट

समजा, उद्या उत्तम यंत्र आले. तरी काम संपले का? २००५ मध्ये इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली नावाची एक तरुण आई नाकाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी गेली. भूल दिल्यावर श्वासाची वाट मिळेना. अनुभवी डॉक्टर हजर होते, साधने होती. एका परिचारिकेने गळ्याला छेद देऊन श्वास देण्याचे साहित्य आणून ठेवले व तसे सांगितलेही; पण नळी घालण्याच्या खटाटोपात तिच्या बोलण्याकडे लक्ष गेले नाही. काही दिवसांनी त्या बाई वारल्या. त्यांचे पती विमानचालक होते. त्यांनी सूड मागितला नाही. विमान-अपघातानंतर होते तशी चौकशी व्हावी आणि इतरांनी शिकावे, एवढेच मागितले. २००७ मध्ये त्यांनी त्यासाठी एक संस्थाही उभारली. आज जगभर भूलतज्ज्ञांना हा प्रसंग शिकविला जातो, आणि शस्त्रक्रियागृहातील सर्वांत कनिष्ठ माणसानेही धोका दिसताच मोठ्याने बोलावे, असे सांगितले जाते. ऐकणे हे कान असलेल्या माणसांचे काम आहे; ते यंत्रावर टाकता येत नाही.

शिवाय साधनेही बदलत आहेत. पात्याच्या टोकाला कॅमेरा असलेले साधन आता अनेक ठिकाणी आहे. २०२२ मध्ये २२२ अभ्यासांचा एकत्र विचार होऊन, त्याने नळी घालण्यातील अपयश कमी होते, असे दिसून आले. काल जो रोगी कठीण होता, तो या साधनाने सोपा ठरू शकतो. म्हणजे कालच्या नोंदींवर शिकलेल्या यंत्राचे उत्तर आज शिळे होऊ शकते. त्याला पुनःपुन्हा शिकवावे लागेल. भारतातील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये अशा कठीण प्रसंगी क्रमाने काय करावे, याची मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत. अंदाज कोणताही असो, ती तयारी प्रत्येक रोग्यासाठी ठेवावी लागते.

आपण काय करावे?

पालक बंधुभगिनींनो, आता मुख्य गोष्ट. यंत्र आले नाही तरी आजच्या आज करता येण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते तुमच्या हाती आहे.

पहिले, तोंडाची वाट बंद करू नका. गुटखा, मावा, खर्रा, सुपारी यांनी गालाच्या आतली त्वचा आक्रसून दोरीसारखी घट्ट होते. तोंड तीन बोटांवरून दोनांवर, दोनांवरून एकावर येते. ही विकृती एकदा झाली की सहसा पूर्ववत होत नाही, आणि तिच्यातून तोंडाचा कर्करोगही उद्भवतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. पण तो मिळत नाही, असे छातीवर हात ठेवून आपल्यापैकी कोण म्हणेल? परदेशांतील नोंदींवर शिकलेल्या यंत्राला हा रोग क्वचितच दिसलेला असेल. आमच्याकडे मात्र तो ऐन उमेदीच्या मुलांत दिसतो. विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर आरशापुढे उभे राहा आणि आपली तीन बोटे उभी तोंडात मावतात का ते पाहा. मावत नसतील, तर लाजू नका. आधी सुपारी सोडा आणि दंतवैद्याला दाखवा.

दुसरे, भूलतज्ज्ञापासून काहीही लपवू नका. रात्री घोरता का, झोपेत श्वास अडतो का, कवळी आहे का, दात हलतो का, मानेचा वा जबड्याचा काही विकार आहे का, मधुमेह किती वर्षांचा आहे, व्यसन कोणते, हे सारे विचारले जाते ते तुमची परीक्षा घेण्यासाठी नव्हे. पुष्कळ वर्षांच्या मधुमेहात सांधे ताठ होतात आणि दोन्ही तळहात एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. तसा ताठरपणा मानेतही असू शकतो. सुनेसमोर सासूबाई घोरण्याची गोष्ट सांगत नाहीत, आणि मुलासमोर वडील तंबाखूची. तेव्हा घरच्या माणसांनी थोडे बाहेर थांबावे, आणि रोग्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्यावे.

तिसरे, पूर्वीची कागदपत्रे सांभाळा. आधीच्या एखाद्या ऑपरेशनच्या वेळी नळी घालताना त्रास झाला होता, ही नोंद कोणत्याही यंत्राच्या अंदाजापेक्षा मोलाची आहे. तसे सांगण्यात आले असेल तर ते डॉक्टरांकडून लेखी मागून घ्या, आणि तो कागद रेशन कार्डाइतकाच जपून ठेवा.

चौथे, भगिनींनी संकोच करू नये. तपासणीसाठी चेहरा, तोंड व मान काही मिनिटे पाहावी लागते. स्त्री डॉक्टर असाव्यात किंवा परिचारिका सोबत असावी, अशी विनंती करता येते; ती आधी केली तर बहुधा सोय होते. पण तपासणीच टाळू नका.

पाचवे, शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना भेटण्याचा आग्रह धरा, आणि त्यांना विचारा : माझ्या श्वासाच्या वाटेत काही अडचण दिसते का? दिसली तर तयारी काय आहे?

शेवटी विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द. उद्याची ही यंत्रे कोणी तरी शिकविणार आहे. त्यासाठी डॉक्टर लागतील, संख्याशास्त्र जाणणारे लागतील, संगणकाचे जाणकार लागतील, आणि नोंदी बिनचूक ठेवणाऱ्या परिचारिका व तंत्रज्ञही लागतील. नोंद चुकली, तर यंत्रही चुकीचेच शिकेल. आपल्या शाळांतून गणित अवघड म्हणून सोडून देणारी मुले, आणि विशेषतः दहावीनंतर घरी बसविल्या जाणाऱ्या मुली, पाहिल्या की मला वाटते, या कामात आपल्या माणसांची उणीव भासणार आहे. आपले चेहरे ज्याने कधी पाहिले नाहीत, असे यंत्र आपल्याबद्दल निर्णय देणार असेल, तर ते तपासून पाहणारा कोणी तरी आपल्यातला हवा. ते तपासण्याची विद्या याच वर्गांतून, याच बाकांवर सुरू होते. पालकांनो, मुलींना तेवढी वर्षे द्या.